टॉवेलखालचा आकडा

गेनूतात्या करांडे खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी अट घातली, की दुखलं तर बोटं वर करून दाखवणार नाही.

मी त्यांना नुकतंच सगळं समजावून दिलं होतं. तोंड उघडं असताना बोलता येत नाही, म्हणून दुखायला लागलं की बोटं वर करायची. एक बोट म्हणजे मुंगी चावली, दहा बोटं म्हणजे जीव चालला. कॉलेजात आम्हाला असंच शिकवलं होतं आणि तोवर कुणी हरकत घेतली नव्हती. तात्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर बुधवारचा जनावरांचा बाजार भरला होता, आणि खिडकीचे गज धरून तात्यांच्याच धंद्यातली चार-पाच मंडळी आत डोकावत उभी होती.

"आकडा आसा उघड्यावर दावत न्हाईत," तात्या म्हणाले.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. नवाकोरा होता, घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या, कोपऱ्याला आमच्याच दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. तो त्यांनी माझ्या डाव्या हातावर पसरला, खालून आपला हात घातला आणि माझं एक बोट दाबलं.

"ह्ये एक. पंजा धरला की पाच. पंजा धरून वर दोन बोटं दाबली की सात. दोन डाव पंजा, म्हंजी धा. ध्येनात आलं का, डाक्टरीणबाई?"

आलं. आमच्या गावात जन्मून हे माहीत नसणारं कोण असणार? बैलाचा सौदा टॉवेलखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा एकमेकांची बोटं दाबणार, तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा मारणार, आणि भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहणार. लहानपणी शाळेतून येताना मी ते तासन् तास बघत उभी राहायची. माझा स्वतःचा हात कधी त्या टॉवेलखाली जाईल, तेही बैलांची दलाली करणाऱ्या गेनूतात्या हेड्यासमोर, असं मात्र स्वप्नातही आलं नव्हतं. माझी मदतनीस हौसाक्का, जिचा सख्खा भाऊ त्याच बाजारात बैल विकायचा, ती पदर तोंडावर धरून हसत होती. मी तिच्याकडे डोळे वटारले.

हसण्यासारखी माझी परिस्थितीच नव्हती.

दवाखाना म्हणजे काय, तर आमच्या अण्णांचं कापडाचं दुकान, त्याच्या मधोमध एक प्लायवूडची फळी, फळीच्या अलीकडे मी आणि पलीकडे लुगडी-धोतरं. फळी वरपर्यंत नेली नव्हती, कारण पंखा एकच होता आणि त्याचा वारा दोघांना लागायला हवा होता. त्यामुळे वाऱ्याबरोबर आवाजही इकडून तिकडे जायचा. तीन आठवड्यांपूर्वी आमचे ग्रामसेवक दाढ घेऊन आले. दाढेत पू, मी इंजेक्शन दिलं, ते लागू झालं असं समजून मशीन लावलं, आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की पलीकडे लग्नाचा बस्ता बांधायला बसलेल्या सात बायका हातातली पातळं टाकून उठल्या. ग्रामसेवक तर गळ्यातलं फडकं तसंच ठेवून भर बाजारातून पळाले. अण्णा शेट्यांच्या दुकानात मापाला गळे कापतात, असं गावात झालं.

त्या संध्याकाळी अण्णा फळीला वळसा घालून आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "रोहिणी, आणखी एकदा असा आवाज आला तर फळी काढतो बाई. दिवाळीचा माल ठेवायला तशीही जागा नाही. तू सांगलीला जा त्या डॉक्टरांकडे."

सांगलीचे ते डॉक्टर अण्णांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे मी दिवसभर म्हाताऱ्यांच्या कवळ्यांची मापं घेत बसणार होते. मला ते नको होतं. मला इथंच, जिथं दात दुखला की उपटायचा एवढंच लोकांना ठाऊक होतं, तिथं दात वाचवून दाखवायचा होता. पंचवीस वर्षांची होते, डोक्यात वारं होतं. आणि आता दुसरा पू झालेला दात माझ्यासमोर आला होता तोही कुणाचा, तर ज्यांनी बाजारात बैलाला हाक मारली की एस्टी स्टँडावरच्या म्हशी माना वळवतात, त्या माणसाचा. फळीच्या फटीतून बघितलं, तर पलीकडे शंकर सुतार करवतीची पिशवी मांडीवर घेऊन चहा पीत बसला होता. 

खरं तर तात्यांना मी आठवड्यापूर्वीच गोळ्या दिल्या होत्या, पाच दिवसांच्या. सूज उतरली की मग काम करू, म्हणाले होते. त्यांनी दोनच दिवस घेतल्या. उरलेल्यांचं काय केलंत, तर म्हणे खोंडाचाही जबडा सुजला होता, त्याला दिल्या. खोंड बरा झाला. तात्यांचा गाल पुन्हा फुगला. मी म्हटलं, अजून पाच दिवस थांबू. ते म्हणाले, परवापासून यात्रा, पंधरा दिवस फिरती, थांबलो तर हा दात मीच पकडीनं उपटीन. तेही खोटं नव्हतं, पकड त्यांच्या पिशवीत होती.

तर इंजेक्शन दिलं. जबड्याच्या मागं, जिथं नस आत शिरते तिथं, पुस्तकात दाखवलंय तसं. दहा मिनिटांनी विचारलं, ओठ जड झाला का? झाला. जीभ? तीही गेली. तात्यांनी मिशीची डावी बाजू चाचपून बघितली आणि हौसाक्काला मिशी जाग्यावर हाय का म्हणून विचारलं. हौसाक्का म्हणाली हाय, पण वाकडी झालीय. मी दाढांत रबराचा ठोकळा अडकवला, मशीन हातात घेतलं आणि देवाचं नाव घेऊन दाताला नुसता स्पर्श केला.

तात्या हलले नाहीत. मी थांबले, हातमोजा काढला, टॉवेलखाली हात घातला. त्यांनी दोन बोटं दाबली.

दोन! मला तर नाचावंसं वाटलं. दोन म्हणजे काहीच नाही, दोन मी मेंदी काढतानाही सहन करते. नवा हातमोजा चढवला आणि जरा आत गेले. पुन्हा थांबले. पुन्हा दोन. फळीपलीकडे अण्णांचा गज टेबलावर टकटक वाजत होता, कुणाला तरी खण मोजून देत होते. मला वाटलं, आपण जिंकलो. अजून आत गेले, आणि तेवढ्यात हौसाक्कानं माझ्या कोपराला ढोसलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आकडा नका बघू. पाय बघा."

मी खुर्चीच्या पायथ्याकडे बघितलं. तात्यांच्या एका पायातली वहाण निघून पडली होती आणि पायाची पाचही बोटं अशी आवळली होती जशी झाडावरची पाखरं फांदी धरतात. कपाळावर घाम. डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत आलेलं. आणि टॉवेलखाली हात घातला, तर शांतपणे दोन.

"दोन कसे म्हणताय?" मी जवळजवळ किंचाळलेच, मग पलीकडचा सुतार आठवला आणि आवाज खाली घेतला.

हौसाक्का आता उघड उघड हसायला लागली होती. तिनं मला जे सांगितलं ते ऐकून माझी मलाच लाज वाटली. अहो, ती म्हणाली, हेड्या माणूस टॉवेलखाली पहिला आकडा खरा सांगतो होय? निम्म्याच्याही खाली सांगायचा, मग समोरच्यानं वर ओढायचं, मग मध्ये कुठंतरी मिटवायचं. तुम्ही ओढलंच नाही. पहिल्याच आकड्याला हो म्हणालात. अशानं तर बाजारात दोन दिवसांत नेसत्या वस्त्रानिशी घरी जाल.

म्हणजे मी त्या माणसाचा जीव घेत होते आणि तो घासाघीस सुरू व्हायची वाट बघत होता. ग्रामसेवकांनी निदान ओरडून तरी सांगितलं होतं.

मी मशीन ठेवलं. स्टूल जवळ ओढलं, टॉवेल नीट पसरला आणि तात्यांचा हात धरला. दोनदा पंजा दाबला. दहा.

तात्यांनी भुवया वर केल्या. उत्तर आलं, तीन.

मी नऊ. ते पुन्हा तीन, आणि डोळ्यांनी असे बघताहेत जणू मीच त्यांना लुबाडते आहे. मी नऊवरच राहिले. त्यांनी हात सोडवून घेतला, म्हणजे सौदा मोडला, बाजारात करतात तसं, आणि मान खिडकीकडे वळवली. खिडकीतली मंडळी एकदम पुढं सरकली. त्यांना आकडा दिसत नव्हता, पण शेट्याची पोरगी गेनूतात्याशी हात धरून बसलीय आणि तात्याला मागं सरायला लावतेय एवढं दिसत होतं. एकानं बाहेरून सल्ला दिला, "सोडू नका बाई, येतंय ते." मी पुन्हा हात घातला. आठ. ते चार. मी आठ. ते पाच. मी पायाच्या बोटांकडे बघून पुन्हा आठ.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि पंजा धरून वर तीन बोटं दाबली.

मिटलं. आठ. आणि तोंडात रबराचा ठोकळा, अर्धी जीभ गेलेली, मिशी वाकडी, अशा अवस्थेत तात्यांना हसू फुटलं. ठोकळा घालून माणूस हसला की जो आवाज येतो तो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. त्यानं हौसाक्काला फुटलं, हौसाक्कानं मला. तिघं मिळून असे हसलो की माझ्या हातातला आरसा खाली पडला. पलीकडे अण्णांचा गज थांबला. फळीवरून शंकर सुताराचं डोकं वर आलं, आणि त्यालाही काही न कळता तोही हसायला लागला.

पण आठ म्हणजे आठ. हसून दात बधिर होत नाही. पू झालेल्या दाताचं असंच असतं, सगळं झोपतं, ओठ, जीभ, हनुवटी, नि जो झोपायला हवा तो टक्क जागा. सुजलेल्या जागी औषध नीट लागू होत नाही आणि आतली नस चवताळलेली असते. मी दुसरं इंजेक्शन दिलं. हात धरला, घासाघीस केली, सातावर मिटलं. मग दाताच्या कडेनं बारीक सुईनं तिसरं दिलं. सहा. प्रत्येक वेळी हातमोजा काढायचा, टॉवेलखाली जायचं, नवा घालायचा. अर्धा डबा संपला. आता तात्यांचा डावा कानही गेला होता आणि हौसाक्का काय म्हणते ते ते उजव्या कानानं ऐकत होते.

शेवटचा एक उपाय राहिला होता, आणि त्याला मी मनातून घाबरत होते. दाताच्या आत, थेट नसेतच सुई घालायची. ती घातली की दात झोपतो, पूर्ण, चिडीचूप. पण घालताना जे होतं ते दहाच्या पुढचं असतं. तीन मोजेपर्यंत. तीन मोजेपर्यंत माणूस ओरडला, की फळी, दवाखाना, माझं सगळं संपलं. मला वाटलं, नको, गोळ्या देऊन पाठवून द्यावं. मग पिशवीतली पकड आठवली.

मी तात्यांना सगळं खरं सांगितलं. काही लपवलं नाही. टॉवेलखाली हात घातला आणि दोनदा पंजा दाबला, मग तिसऱ्यांदा दाबला. पंधरा. एवढं होईल, तीन मोजेपर्यंत. त्यानंतर हे, म्हणून मी हात सोडून दिला. रिकामा.

तात्यांनी खूप वेळ घासाघीस केली नाही. एकदाच हात दाबला, सौदा पक्का झाल्यावर दाबतात तसा.

मी सुई घातली. हौसाक्का मोजायला लागली. एक म्हणाली, आणि तात्यांच्या छातीतून तो आवाज निघाला. "हाऽऽऽ" असा, खालून, विहिरीतून यावा तसा वर चढत आला, खिडकीतली मंडळी मागं सरली, मी डोळे मिटले, संपलं सगळं म्हटलं, आणि दोनच्या आकड्याला तो आवाज मध्येच वळला. "हाऽऽ हा, हा, हा, हा!" तात्या हसत होते. दोन्ही हातांनी खुर्ची धरून, डोळ्यांतून धारा लावून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं हसत होते. तीनच्या आकड्याला थांबले.

मी टॉवेलखाली हात घातला. त्यांचा हात तिथं होता. त्यानं काहीच दाबलं नाही.

पुढचा पाऊण तास मी त्या दातात काम केलं आणि तात्या घोरले. अगदी मनापासून. बाहेर पडले तेव्हा अर्धा चेहरा खाली लोंबत होता आणि बोलता येत नव्हतं. बाजारातल्या मंडळींनी गराडा घातला, काय झालं, कितपत दुखलं. तात्यांनी टॉवेल पसरला आणि एकेकाला आकडा दिला. हौसाक्काच्या भावाकडून मला नंतर कळलं, सगळ्यांना एकच, दोन. गेनूतात्याचे दोन म्हणजे खरे किती, ते बाजाराला चांगलं ठाऊक होतं. तरी यात्रा संपल्यावरच्या पहिल्या बुधवारी अकरा जण आले, प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल. शंकर सुतारानं फळी काढली नाही. त्यानं बाहेर बसायला बाकडं करून दिलं, आणि अण्णांनी ते कुणी न सांगता रंगवून घेतलं.

ही गोष्ट मी चोवीस वर्षं सांगत आले. डॉक्टरांच्या संमेलनात सांगितली, हातवारे करून. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते, की रुग्णाचा आकडा ऐकू नका, पाय बघा. लोक पोट धरून हसतात. व्यापाऱ्याची खोड, असं म्हणून मी ती संपवायची.

गेल्या वर्षी तात्या गोठ्याच्या उंबऱ्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शहाऐंशी वर्षांचे. सांगलीला दवाखान्यात ठेवलंय कळल्यावर मी बघायला गेले. खोलीच्या बाहेरच हाडांचा तरुण डॉक्टर भेटला, माझी ओळख कळल्यावर कौतुकानं म्हणाला, आजोबा कमाल आहेत, दुखणं दहापैकी दोनच सांगतात, म्हणून दुखण्याचं औषधही कमीच ठेवलंय.

मला इतकं हसू आलं की भिंत धरावी लागली. हसतच आत गेले. तात्या उताणे पडलेले, तोंडात एकच दात उरलेला, माझा. बाजूला सोनाकाकू, त्यांची बायको, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बसलेल्या, रात्रंदिवस तशाच बसून असाव्यात असा चेहरा. मी म्हटलं, तात्या, अजून तुमची ती खोड गेली नाही वाटतं, डॉक्टरशी पण सौदा.

तात्यांनी काकूंना गरम पाणी आणायला पाठवलं. त्या दारातून दिसेनाशा झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"खोड कसली, पोरी. बैलाचा आकडा चोरायचा आसतो. सोताच्या दाताचा चोरून मला काय मिळणार व्हतं?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी ते आमच्या दुकानात टॉवेल घ्यायला गेले होते. अण्णांनी टॉवेल देता देता सांगितलं, तात्या, आज तुमच्या तोंडून आवाज निघाला तर लगेच फळी निघाली म्हणून समजा, सुतार बोलावून ठेवलाय. पोरगी रात्री जेवलीसुद्धा नाही.

"मग काय करनार? खरा सांगून तुला भ्या घालायचं व्हतं व्हय? दोन म्हनलो," तात्या म्हणाले. "तू यडी, धा-धा करत बसलीस."

 चोवीस वर्षं मी ज्यांच्या नावानं लोकांना हसवलं, ते तात्या एक दात दाखवून हसत होते. मी विचारलं, "आणि आता? आता कुणाची फळी वाचवताय?"

 काकू ज्या दारातून गेल्या होत्या त्या दाराकडे तात्या बघत राहिले.

उशाशी त्यांचा टॉवेल होता. तो मी आमच्या दोघांच्या हातांवर पसरला आणि खालून हात धरला. काही दाबलं नाही, नुसती थांबले. त्यांनी डोळे मिटले. मग माझा पंजा धरला, सोडला, आणि पुन्हा धरला. या वेळी सोडला नाही.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या. टॉवेल बघितला, आणि घाबऱ्या घाबऱ्या मलाच विचारलं, "काय म्हनत्यात?"

"दोन," मी म्हटलं. त्यांचा हात काकूंच्या हातात दिला आणि त्या डॉक्टरला शोधायला बाहेर पडले.